काळी माती पाणी का धरते? शाळेत प्रयोग घेणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींसाठी

मंगळवेढ्याच्या काळ्या मातीच्या शिवारात रब्बीची ज्वारी पावसाळ्याच्या शेवटी पेरतात आणि पुढे फारसा पाऊस नसतानाही ती पिकते. सोलापूर जिल्ह्यातल्या पाचवी-सहावीच्या मुलांनी हे पाहिलेलं असतं. का पिकते, हे मात्र त्यांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून शाळेतल्या पहिल्या भेटीला हाच प्रयोग घ्या, तोही दिवाळीनंतर. तेव्हा माती कोरडी मिळते आणि पीक रानात उभं असतं.

४० मुलांच्या वर्गात ४-४ जणांचे १० गट करा. दोन गटांमागे एक स्वयंसेवक. एका तासिकेत एकच प्रयोग. तीन प्रयोग उरकायला गेलात की मुलं नुसती बघत बसतात.

एका गटाला एक लिटरच्या ३ रिकाम्या बाटल्या लागतात. त्या मध्यावर कापून वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा, झालं नरसाळं. तोंडाला जुन्या सुती साडीचा दुपदरी तुकडा रबराने बांधा. बाटल्या घरूनच कापून न्या आणि कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटं कापतात. सगळ्या वर्गासाठी मिळून काळी माती, मुरूम आणि नदीची वाळू प्रत्येकी सव्वा किलो न्या. तिन्ही दोन दिवस कडक उन्हात वाळवा, ढेकळं फोडा, रव्याच्या चाळणीने चाळा. माती ओलसर राहिली तर तिच्यात आधीच असलेलं पाणी मोजमाप बिघडवतं.

तासिका सुरू होताच गटाच्या तीन नरसाळ्यांत काळी माती, मुरूम आणि वाळू प्रत्येकी १०० ग्रॅम भरा आणि बाटली टेबलावर चार-पाच वेळा हलकेच आपटा. पाणी ओतण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत लिहायचं: सगळ्यात जास्त पाणी कशातून खाली येईल? हे लिहून घेणं टाळू नका. अंदाज चुकला की मूल स्वतःच कारण शोधू लागतं. मग औषधाच्या बाटलीच्या १० मिलिलिटरच्या झाकणाने, थोडं थोडं करत, प्रत्येकात १०० मिलिलिटर पाणी मुलांनीच घालायचं.

वाळूतून बरंचसं पाणी काही मिनिटांतच खाली येतं. काळी माती ते अडवते, फुगते. २५ मिनिटांनंतरही तिच्या खाली वाळूपेक्षा खूप कमी पाणी जमलेलं दिसतं. खालचं पाणी त्याच झाकणाने मोजा आणि १०० मधून वजा करा.

एखाद्या गटात मात्र काळ्या मातीतूनच पाणी भसकन खाली येईल. पाणी एकदम ओतलं किंवा माती नीट बसली नाही, की ते फटींतून आणि बाटलीच्या कडेने निसटतं. “तुमचं चुकलं” म्हणून तो गट बाजूला ठेवू नका. उन्हाळ्यात रानाला पडलेल्या भेगा आठवायला सांगा: पहिला पाऊस असाच भेगांतून खोल जातो, मग माती फुगते आणि भेगा मिटतात. सगळ्या वर्गाला दाखवावा असा हा निकाल आहे.

कारण शेवटी सांगा, तेही दोन-तीन वाक्यांत. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. इतक्या बारीक कणांचा पृष्ठभाग मिळून प्रचंड होतो आणि पाणी त्याला धरून राहतं. शिवाय या मातीतल्या खनिजांच्या थरांमध्येही पाणी शिरतं, म्हणून ती फुगते. “मग धरलेलं सगळं पाणी ज्वारीला मिळतं का?” असं एखादं मूल विचारेलच. नाही, काही पाणी माती इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही.

शहरातल्या शाळांत तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलंही भेटतात. पाण्याला नीळ्ळु, नीरु, पानी हे तिन्ही शब्द फळ्यावर लिहा आणि मातीचा शब्द मुलांकडूनच घ्या. गप्प बसलेली मुलंही बोलू लागतात.

दुसऱ्या भेटीला बोअरचं, नळाचं आणि आरओचं पाणी घ्या. प्रत्येकी २० मिलिलिटर, साबणाच्या पाण्याचे ५ थेंब, २० सेकंद हलवून फेसाची उंची पट्टीने मोजा. साबण अंगाचाच हवा. डिटर्जंट जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातही फेस देतं आणि फरक दिसत नाही.

वापरलेली माती बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. मुलांना ती शाळेतल्या झाडांच्या आळ्यात घालू द्या.