नवा मागचा टायर टाकल्यावर गाडी वळणावर डळमळते: माझा अनुभव

लक्षण: १५० सीसीची गाडी, मागे नवा ट्यूबलेस टायर. सरळ रस्त्यावर ठीक, वळणात मात्र गाडी आधी अडते आणि मग एकदम कलंडते. टायर चेनकव्हरलाही घासत होता.

हवा कमी-जास्त केली, बॅलन्सिंग केलं, कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) बदलला. महिनाभर पैसे आणि डोकं दोन्ही गेलं.

दोष मापात होता. मूळ टायर १००/९०-१७ (रुंदी १०० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिमचा व्यास १७ इंच), दुकानदाराने 'रुंद बसवा, ग्रिप वाढेल' म्हणून १२०/८०-१७ चढवला. रिमची रुंदी २.१५ इंच. १२० च्या टायरला किमान २.५० इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर बाजू आत दाबल्या जातात, मधला भाग टोकदार होतो. शिवाय टायर १२ मिमी उंच होतो तो वेगळाच.

काय केलं: आधी रिमवर कोरलेलं माप वाचलं. मग १००/९०-१७ ५५पी घेतला (५५ म्हणजे जास्तीत जास्त भार २१८ किलो, पी म्हणजे कमाल वेग ताशी १५० किमी). बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहिले. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. बसवताना बाण फिरण्याच्या दिशेला, बीडला (टायरची रिममध्ये बसणारी कड) साबणाचं पाणी. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसते का ते चाक फिरवून बघा. एका जागी बुडालेली असेल तर हवा सोडून पुन्हा बसवायला लावा. शेवटी दोन्ही चेन ॲडजस्टरच्या खुणा जुळवल्या आणि गार टायरमध्ये गाडीवरच्या स्टिकरवर दिली तेवढीच हवा भरली.

पहिले दीडशे किमी जोरात कलंडू नका, नवं रबर गुळगुळीत असतं.