स्पर्धेतला बेब्लेड : भाग बदलताना या चुका टाळा

बेब्लेड हा लढाऊ भोवऱ्यांचा खेळच मुळी भाग जोडण्याचा आणि बदलण्याचा आहे. त्यामुळे भाग निवडणे कोठे संपते आणि भागात फेरफार करणे कोठे सुरू होते, हे नव्या खेळाडूंना चटकन उमगत नाही. २०२३ साली टाकारा टोमी या जपानी कंपनीने आणलेल्या बेब्लेड एक्सच्या मूळ रचनेत वरचे धातूचे ब्लेड, मधले रॅचेट आणि ज्याच्या टोकावर भोवरा फिरतो तो खालचा बिट असे तीन भाग असतात. त्यांतला कोणताही अधिकृत भाग कोणत्याही दुसऱ्या अधिकृत भागाशी जोडण्याची मुभा आहे. तो भाग कापण्याची, घासण्याची, रंगवण्याची किंवा चिकटवण्याची मुभा नाही.

सर्वांत मोठी चूक घासण्याची. बेब्लेडचा पूर्वज असलेला बेइगोमा हा ओतीव लोखंडाचा छोटा भोवरा जपानी मुले पिंपावर ताणलेल्या कापडावर फिरवत आणि तो कानशीने घासून बुटका व टोकेरी करत. ते त्या खेळातले कसबच होते. आपल्याकडे भोवऱ्याची आर घासणारा मुलगाही काही गैर करत नसे, कारण प्रत्येकाचा भोवरा त्याच्या हाताचा असे. बेब्लेडमध्ये मात्र सर्वांचे भाग एकाच साच्यातले असतात आणि खरी स्पर्धा असते ती निवडीची व फेकीची. म्हणून येथे घासलेला बिट प्रतिस्पर्ध्यावर अन्याय करतो, असे मला मनापासून वाटते. खेळून खेळून फ्लॅट म्हणजे सपाट टोकाच्या बिटची कड गोलावली, तर ती नैसर्गिक झीज होय. तडा गेलेला किंवा टवका उडालेला भाग मात्र वापरू नये, कारण त्याचा तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो.

दुसरी तक्रार नेहमीची : ‘माझा बेब्लेड सारखा सुटतो.’ लढतीत भाग सुटे झाले की प्रतिस्पर्ध्याला २ गुण मिळतात आणि ४ गुणांच्या सामन्यात तो निम्मा डाव असतो, म्हणून कोणी आत टेप लावतो, कोणी गोंदाचा थेंब सोडतो. दोन्ही नियमबाह्य आहेत. आधी खाचांतली धूळ कोरड्या कापडाने पुसावी, बिट पूर्ण बसला आहे ना हे पाहावे, आणि तरीही पकड सैल वाटली तर त्याच प्रकारचा दुसरा अधिकृत भाग घ्यावा. तेल किंवा मेण लावण्याच्या फंदात पडू नये.

वजनाबाबत गैरसमज उलट दिशेचा आहे. एकाच नावाच्या दोन ब्लेडांत काही दशांश ग्रॅमचा फरक असू शकतो आणि त्यांतले जड निवडणे गैर नाही. आतून शिसे चिकटवून तेच वजन साधणे गैर आहे. थ्री-डी प्रिंटरवर छापलेले आणि खेळण्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळणारे नकली भाग घरच्या सरावाला चालतील, अधिकृत स्पर्धेत नाहीत.

डेकमध्ये, म्हणजे स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन बेब्लेडांच्या संचात, एकच भाग दोनदा येता कामा नये, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. ३-६० हे रॅचेट एकात लाल आणि दुसऱ्यात निळे लावले, तरी तो एकच भाग धरला जातो.

शंका असलेला भाग पहिल्या फेरीआधीच पंचांना दाखवावा, आणि त्यांनी नकार दिल्यास लगेच बसवता येईल असा पर्यायी भाग डब्यात ठेवावा.