नदी-तलावात पोहताना या चुका टाळा

जो पोहतो तोच बुडतो, असे आपल्याकडे म्हणतात. यात अतिशयोक्ती आहे, कारण पोहता न येणारी माणसेही दर उन्हाळ्यात घाटावरून घसरून पाण्यात पडतात. तरीही जलतरण तलावात सहज पन्नास फेऱ्या मारणारा तरुण नदीच्या डोहात गटांगळ्या का खातो, याचे उत्तर त्याच्या हातापायांत नसते, तर ज्या पाण्याची चौकशी न करता तो उतरला त्या पाण्यात असते.

पहिली चूक आभाळाकडे पाहून नदीचा अंदाज बांधण्याची. आपल्या बहुतेक मोठ्या नद्यांवर धरणे आहेत आणि उन्हाळ्यात पात्रात दिसणारे पाणी पुष्कळदा धरणातून सोडलेले असते. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेकचा विसर्ग सुरू झाला, की सेकंदाला सुमारे ५९ हजार लिटर पाणी नदीत येते आणि त्यासाठी आभाळात एकही ढग लागत नाही. पावसाळ्यात पाऊस आपल्या डोक्यावर नसून वरच्या डोंगरात पडत असतो. लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात उभ्या असलेल्या एका कुटुंबातील महिला आणि चार मुले अचानक वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेली, तेव्हा ती पोहत नव्हती, वाहत्या पाण्यात नुसती उभी होती. म्हणून पात्राच्या मध्यावरच्या खडकावर जाऊन बसू नये. पाणी गढूळ झाले, काडीकचरा वाहत येऊ लागला किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर चपला आणि मोबाईल शोधत न बसता काठ गाठावा. भोंग्याच्या भरवशावर राहू नये, कारण धरणापासून लांबच्या घाटावर तो ऐकू येईलच असे नाही.

दुसरी चूक तळ न पाहता सूर मारण्याची. गेल्या वर्षी जिथे दोन पुरुष पाणी होते तिथे यंदा छातीभरच असू शकते, आणि उलटही घडते: वाळू उपसलेल्या पात्रात गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचे पाऊल थेट खड्ड्यात पडते. धरणाच्या फुगवट्यात तर जुनी झाडे, बांध, घरांच्या भिंती पाण्याखाली तशाच उभ्या असतात. उजनीत पाणी ओसरले की पळसदेवचे मंदिर वर येते, हे अनेकांनी पाहिले असेल. डोके आपटून मानेला इजा झाली, तर पट्टीचा पोहणाराही जागच्या जागी लुळा पडतो. अनोळखी पाण्यात पहिल्यांदा काठीने चाचपत, पायांकडून उतरावे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण तिथले पाणी सर्वांत फसवे असते. वरच्या बाजूला ते संथ दिसते, पण बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेल्या गाळ्याकडे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेकडे, त्याची ओढ असते आणि जवळ गेलेला माणूस त्या ओढीने गाळ्यात खेचला जातो. खालच्या बाजूला कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटते. त्या फेसाळ पट्ट्यात सापडलेला माणूस वर येतो, परत भिंतीकडे ओढला जातो आणि पुन्हा खाली दाबला जातो. या दोन्ही जागी पोहूच नये.

स्थानिकांचे न ऐकणे ही शहरातून आलेल्यांची खास चूक. एखादा डोह आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवतांचा, आहे, तिथे उतरू नका, असे म्हातारी माणसे सांगतात तेव्हा आपण हसतो. पण त्या सांगण्यामागे बहुधा तिथे बुडालेल्यांची आठवण असते. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळग्यांच्या, म्हणजे खडकात पाण्याने कोरलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांच्या, कडा इतक्या गुळगुळीत आहेत, की आत पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. सांगली परिसरात कृष्णेत मगरी आहेत. तिथे कोणत्या घाटावर उतरावे, हे गावालाच विचारावे.

पाण्यात अडचण आलीच, तर आधी उताणे होऊन तरंगावे. पायात गोळा आल्यास तरंगतच पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढावा. प्रवाहाने ओढले तर त्याच्या विरुद्ध झटू नये. पाय पुढे ठेवून वाहत जावे आणि तिरकस हात मारत काठ जवळ करावा. पाणवेली पायांत गुंतल्या, तर लाथा झाडल्याने त्या अधिक आवळतात, म्हणून हळूहळू पाय सोडवून आल्या वाटेने मागे फिरावे.

एकामागोमाग दोघे-तिघे बुडतात ते बहुतेक वेळा वाचवण्याच्या घाईत. बुडणारा माणूस क्वचितच ओरडतो, कारण तोंड वर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. आणि जवळ गेलेल्याला तो मिठी मारतो. उडी घेण्याऐवजी काठावरून बांबू, साडी किंवा दोर टाकावा. पोहायला शिकताना मुलांच्या पाठीला बांधतात तो झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन वाहत्या पाण्यात शिकाऊ पोहणाऱ्यासाठी भरवशाचा नाही, कारण गाठ सुटते. मात्र दोर बांधून फेकायला त्याच्याइतके उपयोगी साधन गावात दुसरे नसेल.

बाहेर काढलेल्याचे पोट दाबणे, त्याला उलटे धरणे किंवा गरगर फिरवणे, यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवावा. दरम्यान दुसऱ्याने १०८ किंवा ११२ वर फोन करावा. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो.