उंदरांची भांडणं आणि पेपर नॅपकिन

परभणीचा डिसेंबर. कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमधले (प्रयोगाचे प्राणी ठेवतात ती जागा) नर उंदीर, पिंजरे धुतले की हमखास एकमेकांच्या शेपट्यांना चावायचे. एक तर रात्रभर जाळीची तीच सळई कुरतडायचा. देखभालीचे मामा म्हणाले, "थंडी वाजायली त्यायला." खरंच की! उंदराला सुखाची ऊब 30 अंशांच्या आसपास. आम्ही खोली 22 वर ठेवून खूश. मग ऑटोक्लेव्ह केलेले, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेले, साधे पेपर नॅपकिन टाकले. सकाळी बघतो तर बारीक चिंध्यांचं वाटीसारखं घरटं, आत चौघं एकमेकांना चिकटून. आता भुसा बदलतो, पण कोरडं घरटं तसंच परत ठेवतो; त्यात त्यांचा ओळखीचा वास राहतो, म्हणून धुतल्यावरची भांडणं कमी. शेपटीला धरून उचलणंही बंद. पुठ्ठ्याची नळी पुढं केली की आपणच शिरतात. चावे कमी झाले. सळईवाला मात्र अजून कुरतडतोय.