डोंगरावरून उतरताना नातीचे कान दुखायचे: स्वित्झर्लंडमधला आमचा उपाय

लक्षण: वर जाताना तीन वर्षांची नात मजेत. उतरताना मात्र कान धरून रडायची. आयगरग्लेचर (२३२० मीटर) ते ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल (९४३ मीटर) हे अंतर केबल कार १५ मिनिटांत उतरते. हवेचा दाब झपाट्याने वाढतो, लहानग्यांना तो झेपत नाही. कानटोपी, चॉकलेट, आजोबांची गाणी, कशानेच फरक पडेना. तिचं रडं बघवत नव्हतं.

शेवटी लागू पडलं ते असं. निघण्याच्या अर्धा तास आधी नाकात सलाइनचे थेंब घालून नाक मोकळं केलं. (सर्दी-ताप असेल तर वर जाऊच नये.) केबल कारऐवजी क्लाइने शायडेग या डोंगरावरच्या स्टेशनहून (२०६१ मीटर) दातेरी रुळांची गाडी घेतली. वाटेतल्या वेंगेन गावी (१२७४ मीटर) उतरून तासभर खेळू दिलं, मग पुढच्या गाडीने खाली दरीतलं लाउटरब्रुनेन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी सुटताच स्ट्रॉने घोट-घोट पाणी सुरू करायचं आणि खालपर्यंत थांबवायचं नाही. गिळताना कानातली नळी उघडते. झोपू द्यायचं नाही, कारण झोपेत गिळणं कमी होतं. तान्ह्याला त्या वेळी अंगावर पाजावं. सुनेचे गुडघेदुखीवाले वडीलही याच गाडीने आरामात उतरले.