गाडी पुण्यात, तुम्ही स्टुटगार्टात

इथे उतरल्यावर पहिले दोन महिने आनमेल्डुंग (म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद), बँक, घर, मुलांची शाळा यातच जातात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून आलेल्या गाडीची आठवण येते ती तिकडे पाऊस सुरू झाल्यावर. मग घरी फोन जातो, "बाबा, रविवारी जरा पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवत जा."

हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि गाडीच्या मुळावर येतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन गार असेल तर तिचं पाणी होऊन ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं. ते उडून जायला ऑइल चांगलं तापावं लागतं, आणि पाच मिनिटांत ते तापत नाही. स्टार्टरने बॅटरीतून जे ओढलं तेही भरून निघत नाही. चालवायची तर पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, कात्रजचा घाट चढून यावा अशी. नाहीतर रीतसर बंद करून ठेवा. अधलंमधलं काही नाही.

चालवणारं कोणी खरंच आहे का, हे आधी ठरवा. वडील सत्तरीचे, भाऊ बेंगळुरूला आणि मेव्हणा "हो हो, बघतो ना" म्हणणारा असेल, तर कोणी नाही असंच धरून चला. आणि दोन वर्षांहून जास्त राहायचा विचार असेल तर सरळ विका. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र घेऊन ठेवा. ते तीन वर्षं चालतं आणि परतल्यावर नव्या गाडीला तो बोनस लावता येतो. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. तो राहिला की विक्री अडते. विक्रीच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून कुणाकडे ठेवू नका, मग तो माणूस कितीही घरचा असो. त्यापेक्षा मुखत्यारपत्र करा.

आता गाडी ठेवायचीच असेल तर. कुटुंब अजून तिकडे असेल किंवा नाताळात जाणार असाल, तर एका दिवसात हे सगळं उरकतं. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांतून आलेल्या मंडळींना यातलं बरंच ठाऊक असेल. त्यांनी खाली विम्याकडे जावं.

सगळ्यात आधी बॅटरी मरते. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोट लॉक, घड्याळ थोडा थोडा करंट ओढत राहतात. चाळीस मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास झाला, आणि लहान गाडीची बॅटरी असते पस्तीसच्या आसपास. म्हणजे महिन्याभरात संपली. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेट्सवर सल्फेट धरतं आणि ती कायमची कामातून जाते. म्हणून काचा वर करा, डिकी बंद करा, दहा नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्हची वायर काढा, मग पॉझिटिव्हची. बॅटरी घरात आणून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी चार्जिंगला लावायला सांगा. आता रिमोट चालणार नाही. बटणाच्या किल्लीच्या पोटात एक साधी पात्याची किल्ली लपलेली असते, तिने ड्रायव्हरचा दरवाजा लावायचा. ती एकदा लावून-उघडून बघाच, कित्येकांना ती असते हेच माहीत नसतं.

ऑइल ठेवण्याआधी बदला. जुन्यात आम्ल आणि ओल दोन्ही असतात. टाकी अर्धी ठेवू नका. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. टाकी काठोकाठ भरली की वर हवाच कमी उरते. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा, नाहीतर खाली सपाट पट्टा पडतो. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेकशू ड्रमला चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून विटा लावा.

उंदरांवर तंबाखूपासून डांबराच्या गोळ्यांपर्यंत सगळे उपाय सांगितले जातात. माझा भर दोनच गोष्टींवर आहे: गाडीत बिस्किटाचा कणही ठेवायचा नाही, आणि एअर फिल्टरच्या हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधायची. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा फिल्टरचा डबा उघडला तेव्हा आत बॉनेटखालच्या फोमचा भुगा, पेरूच्या साली आणि कुणाचा तरी मोजा निघाला होता. जाळी बांधलीत तर किल्लीला चिठ्ठी अडकवा, म्हणजे ती न काढता कुणी गाडी सुरू करणार नाही.

प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत घाम धरतो आणि स्टिअरिंगवर हिरवी बुरशी येते. हवा खेळेल असं कापडी घ्या. वायपरखालच्या खाचेतला पाला काढा, तो कुजला की पाणी केबिनमध्ये उतरतं. नदीकाठची सोसायटी असेल तर गाडी उंचावर कुठे ठेवता येते का बघा. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते आठवत असेलच, आणि बॅटरी काढलेली गाडी ऐनवेळी हलवणं सोपं नसतं.

राहिला विमा. जर्मनीत गाडीची नोंदणी रद्द केली की कर थांबतो, विम्याचा हप्ताही थांबतो. आपल्याकडे खासगी गाडीचा कर एकरकमीच भरलेला असतो, त्यामुळे तिथे वाचवायला काही नाही. "गाडी उभीच आहे, विमा कशाला" असं मात्र म्हणू नका. चोरी, आग, पूर उभ्या गाडीलाही गाठतात. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो, आणि नूतनीकरणाआधी गाडीची पाहणी करून घ्यावी लागते. आरसीला जोडलेला भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा. ओटीपी आणि दंडाचं चलन त्यावरच येतात.

सुट्टीत गेल्यावर विमानतळावरून येऊन थेट चावी फिरवू नका. आधी बॉनेट उघडून वायरी बघा, जाळी काढा, टायर आणि ब्रेक ऑइल तपासा, चार्ज केलेली बॅटरी बसवा. ओळखीच्या मेकॅनिकला आठवडाभर आधीच सांगून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर तो मिळत नाही.