टिनाचं शेड बांधताय? आधी खड्ड्याचं बोला, मग पत्र्याचं

शेडचं काम काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, पत्रा काय भाव? फॅब्रिकेटर पण स्क्वेअर फुटाचा रेट फेकून मोकळा होतो, आणि त्या रेटमधे खड्डा किती खोल, पाईप किती जाड, यावर कोणी बोलतच नाही. आपल्या नागपूरकडे शेड खराब होतं ते एक तर खालून, काळ्या मातीमुळे, नाही तर वरून, मे-जूनच्या वावधनात. पत्रा बिचारा मधल्या मधे बदनाम होतो.

पहिले हे ठरवा की आत ठेवायचं काय आहे. नुसती कार आणि घरातलं जुनं सामान असेल तर १२ बाय २० फूट पुरे. ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, वरून सोयाबीनची पोती आणि संत्र्याचे कॅरेट म्हणाल तर २० बाय ३० च्या खाली जाऊच नका, बाजूची उंची १२ फूट, आणि शटर १० फूट रुंद. शटर गुंडाळलं तरी वर फूट-दीड फूट जागा खातं हे लोक विसरतात, मग ट्रॅक्टरचं हूड अडकतं. तोंड शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा, कारण पावसाचा मारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, आणि लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊन फक्त छोट्या बाजूला लागतं. वरून विजेची तार जात असेल तर जागाच बदला.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. शहरात असाल तर महापालिका नाही तर नागपूर सुधार प्रन्यास, बाहेरच्या गावांत एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), तुमचा लेआउट कोणाकडे येतो ते आधी विचारून घ्या. प्लॉटवर आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) असला म्हणून साईड मार्जिनमधे, म्हणजे बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, शेड टाकता येतं असं नाही, नोटिसा बहुतेक तिथेच येतात. शेतात शेतीच्या सामानासाठीचं शेड वेगळं आणि तेच उद्या कोणाला गोदाम म्हणून भाड्यानं दिलं की मामला वेगळा, तिथे एनएचा (जमीन अकृषक करण्याचा) प्रश्न येतो. सातबारा घेऊन तलाठ्याला आधीच भेटा.

आता खड्डा. अमेरिकेत अशाच शेडला पोल बार्न म्हणतात, तिकडे औषध मुरवलेले लाकडी खांब सरळ जमिनीत गाडतात, भिंतीला पाया नाहीच, सगळा भार खांबांवर. कल्पना एक नंबर आहे, स्वस्त आहे, पण इकडे वाळवी आणि काळी माती दोन्ही, त्यामुळे बल्ली सोडा आणि लोखंडी पाईप वापरा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस पडला की फुगते आणि वरचं सगळं उचलते. दीड-दोन फुटाचा खड्डा करून त्यात पाईप उभा करून काँक्रीट ओतलं तर दोन पावसाळ्यांत खांब वाकडे आणि शटर जाम. मुरूम लागेपर्यंत खणा, कुठे तीन फुटावर लागतो, कुठे पाच-सहा फूट जावं लागतं, एकाच प्लॉटच्या दोन टोकांनासुद्धा फरक असतो म्हणून कोपऱ्याचे चारही खड्डे आधी खणून बघा आणि मगच कोटेशन फायनल करा. काळी माती खूपच खोल असेल तर बोअर मारून अंडर-रीम पाईल, म्हणजे खाली फुगीर केलेला काँक्रीटचा खांब, ती साधारण साडेतीन मीटर तरी खोल जाते, तिथे इंजिनिअर पाहिजेच. आणि खड्डा बुजवताना तीच काळी माती परत ढकलू देऊ नका, मजूर तेच करणार कारण ढीग बाजूलाच असतो. मुरूम भरा.

काँक्रीट किती हा प्रश्न वजन पेलण्याचा नाहीये, शेड धरून ठेवण्याचा आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला दाब येतो दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो. २० बाय ३० चं छप्पर म्हणजे जवळपास ५६ चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानानं साडेसहा टन ताकद छप्पर वर ओढू शकते, आणि पत्रा, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), ट्रस (छपराची कैची) सगळं मिळून वजन त्याच्या पाव पण भरत नाही. आठ खांब असतील (दोन्ही लांब बाजूंना दहा-दहा फुटांवर चार-चार) तर एकेका खांबाला ८०० किलोच्या वर ओढ. अडीच फूट लांब, रुंद, उंच काँक्रीटचा ठोकळा साधारण १०५० किलो भरतो, म्हणून मी अडीच फूट सांगतो, कमी नाही. हा कच्चा हिशोब झाला, उंची आणि मोकळी जागा बघून इंजिनिअर आकडा बदलेल, पण सव्वा फुटाचा ठोकळा पुरतो म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

पाईप त्या ठोकळ्यात गाडूही नका. काँक्रीटमधे अँकर बोल्ट, फरशीच्या वर सहा इंच पेडेस्टल (काँक्रीटचा छोटा ओटा), त्यावर बेस प्लेट, त्यावर खांब. नाही तर फरशीजवळ ओल धरते आणि पाईप नेमका तिथेच सडतो, युरियाची पोती टेकलेली असली तर अजून लवकर. खांबाला ८० बाय ८० चा ३.२ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप चांगला, सहा मीटरचा एक नग साधारण ४५ किलो भरला पाहिजे. काट्यावर चढवून बघा, ३५-३६ भरला की समजा पातळ माल आला, तोंडी जाडीवर विश्वास ठेवू नका. वेल्डिंग झाल्या झाल्या त्या जागी रेड ऑक्साईड, मग रंग.

पत्रा ०.५० मिलिमीटर, कलर कोटेड, आणि रंग पांढरा किंवा फिका घ्या. इकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री कॉमन आहे, गडद निळ्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, आत ठेवलेली बॅटरी, रंगाचे डबे, टायर सगळ्यांची वाट लागते. वरच्या बाजूला टर्बो व्हेंटिलेटर आणि खाली पत्र्याच्या कडेला जाळीची फट, दोन्ही लागतात, नुसता व्हेंटिलेटर लावला तर तो हवा ओढणार कुठून? पत्रा वाऱ्याच्या उलट टोकाकडून अंथरत या म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे उघडत नाही. स्क्रू रबर वॉशरवाले, पत्र्याच्या उंचवट्यावर, आणि इतकेच आवळा की वॉशर जरासा दबेल, चपटा होऊन बाहेर आला की दोन उन्हाळ्यांत फाटतो आणि तिथूनच गळतं. कडेच्या ओळींना स्क्रू जास्त मारा, वारा पत्रा कडेपासूनच सोलतो. आणि एक बारकी गोष्ट, ड्रिलचा लोखंडी भुसा त्याच दिवशी संध्याकाळी झाडून काढायला लावा, तो पहिल्या दवात गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके कायमचे बसतात.

फरशीसाठी वरची दोन फूट काळी माती काढून फेका, मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात पाणी मारून दाबा, वर प्लास्टिक, मग चार इंच काँक्रीट, ट्रॅक्टर असेल तर सहा इंच. दहा फुटांवर कट मारा, उतार शटरकडे. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट तरी वर हवं, २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरातल्या अंबाझरी तलावाखालच्या वस्त्यांचं पुरानं काय झालं ते आपण पाहिलंय, नाल्याजवळ असाल तर अजून वर घ्या.

गटर मात्र वाचवू नका. एवढ्या छपरावर वर्षाला ६० हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं, ते सगळं खांबांच्या पायाशी सोडलं तर काळ्या मातीला फुगायला आपणच पाणी पाजलं. पाईपनं दूर न्या, विहिरीत किंवा टाकीत सोडलं तर उत्तमच, आणि शेडच्या चारही बाजूंना तीन फूट काँक्रीटची पट्टी करून घ्या.

काम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा, खड्डे खणायला सोपे जातात आणि काँक्रीटला पाणी मारायला उन्हाळ्याइतकी धावपळ नाही. मे संपायच्या आत पत्रा चढलाच पाहिजे. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, खड्डे दाखवल्यावर पहिला, पाईप काट्यावर भरल्यावर दुसरा, आणि शेवटचे दहा टक्के पहिला जोराचा पाऊस पडून गळती बघेपर्यंत स्वतःकडेच ठेवा, फक्त हे सुरुवातीलाच बोलून कागदावर घ्या, नाही तर जूनमधे फॅब्रिकेटर फोन उचलत नाही.